मेरिनोचे कपडे मुंबईत कसे धुवायचे, वाळवायचे आणि पावसाळाभर कसे ठेवायचे?

परळकर
नमस्कार. घरात मेरिनोचे, म्हणजे मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीचे, चार कपडे आहेत: १५० जीएसएमचे (कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) पूर्ण बाह्यांचे दोन बेस लेयर, म्हणजे अंगालगत घालायचे टी-शर्ट, २५० जीएसएमची थर्मल पँट आणि विणीचा व्ही गळ्याचा स्वेटर. वापर हिमालयातल्या ट्रेकपुरता, म्हणजे वर्षातले दोन-तीन आठवडे. उरलेलं वर्ष ते परळच्या फ्लॅटमध्ये कपाटात. तिकडे बर्फात त्यांना काही होत नाही, जे होतं ते इथे होतं.

बेस लेयर आणि पँटच्या लेबलवर पाण्याचा टब, आत ३० चा आकडा, खाली दोन रेघा. स्वेटरच्या लेबलवर टबात हात बुडवलेला. मशीन टॉपलोड आहे आणि त्यात 'वूल' प्रोग्रॅम आहे. तो वापरावा का? रोजची पावडर थोडी कमी घालून चालेल की वेगळं लिक्विड लागतंच? सासूबाईंचा आग्रह रिठ्याचा आहे.

दुसरं, जूनमध्ये धुतलेला बेस लेयर दोन दिवस पंख्याखाली होता. हाताला कोरडा लागला म्हणून घडी करून ठेवला. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तर कुबट वास. तिसरं, एका बेस लेयरला तीन बारीक भोकं दिसतायत. कसर लागली असेल का? डांबराच्या गोळ्या टाकू का?

धागादोरा
टबाखाली दोन रेघा म्हणजे मशीनमध्ये चालेल, पण सगळ्यात सौम्य प्रोग्रॅमवर. असा कपडा बहुधा सुपरवॉश लोकरीचा असतो. मेरिनोचा तंतू बेस लेयरमध्ये साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा, आपल्या केसाहून कितीतरी बारीक. त्याच्या अंगावर खवले असतात, सगळे एकाच दिशेला वळलेले. ओला कपडा घुसळला की तंतू मुळाच्या दिशेनं सरकतो आणि खवले त्याला मागे येऊ देत नाहीत. असे हजारो तंतू एकमेकांत रुतले की कपडा आटतो, जाड होतो, त्याचा नमदा होतो. सुपरवॉशमध्ये क्लोरीननं खवले झिजवून वर पॉलिमरचा पातळ लेप देतात, म्हणून तंतू अडकत नाहीत. हाताचं चित्र असलेल्या स्वेटरला हे संरक्षण आहे असं धरून चालू नका. तो मशीनच्या वॉशमध्ये टाकायचाच नाही.

आता तुमचं टॉपलोड. फ्रंटलोडच्या वूल प्रोग्रॅममध्ये ड्रम पाळण्यासारखा झुलतो. टॉपलोडमध्ये तळाला चकती फिरते आणि ती हळू फिरली तरी कपड्याला पीळ घालत खाली ओढते. बेस लेयर टाकायचेच असतील तर उलटे करून जाळीच्या पिशवीत घाला, पाण्याची पातळी सगळ्यात वरची ठेवा आणि सोबत जीन्स, टॉवेल किंवा चेनवालं काही टाकू नका. पण चार कपड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? बादलीत वीस मिनिटांत होतात.

पसरट टबात ५ ते ६ लिटर नळाचं पाणी घ्या. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी ३० अंशांच्या बरंच वर जातं, तेव्हा सकाळी लवकर भरा. हाताला ऊन लागलं तर लोकरीला ते जास्तच झालं. १० मिलि लिक्विड आधी पाण्यात हलवा आणि मग कपडा बुडवा. ५ ते १० मिनिटं पुरे, रात्रभर भिजत ठेवायचं नाही. मग तळहातांनी दाबायचं आणि सोडायचं, दहा-बारा वेळा. चुबकायचं नाही, घासायचं नाही, ब्रश तर लांबच. काखेत मळ असेल तर लिक्विडचा एक थेंब पाण्यात पातळ करून तिथं बोटानं थोपटा.

बाहेर काढताना दोन्ही हात खालून घालून, ओंजळीत उचलल्यासारखा उचला. खांद्याला धरून वर ओढलात तर पाण्याच्या भारानं बाह्या लांबतात, कारण ओली लोकर कोरडीपेक्षा कमजोर असते. खळबळायला दोन-तीन पाणी लागतात. पाणी बदलताना कपडा बाजूला काढून ठेवा, नळाची धार थेट अंगावर नको.

पिळायचं नाही. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघे टेकून दाबा. पहिला टॉवेल चिंब झाला की दुसरा घ्या. टॉपलोडचं स्पिन मात्र इथे उपयोगी पडतं, अगदी स्वेटरलासुद्धा: जाळीच्या पिशवीत ३० ते ४० सेकंद. स्पिनमध्ये कपडा ड्रमला चिकटून बसतो, घुसळला जात नाही, म्हणून नमदा होत नाही. एकटाच कपडा असेल तर समोरच्या बाजूला ओला टॉवेल ठेवा, नाहीतर मशीन स्वयंपाकघरापर्यंत चालत येईल.

पावडरीबद्दल: कमी घालूनही नको. एकतर ती चांगलीच अल्कधर्मी असते आणि अल्कलीत लोकर फुगते, खवले उघडतात, रंगही सुटतो. दुसरं म्हणजे डाग काढणार्‍या अनेक पावडरींत प्रोटीएज एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं आणि लोकर म्हणजे केराटिन, स्वतःच प्रथिन. एका धुण्यात काही दिसत नाही. नंतर कोपरे आणि काखा विरविरीत होतात आणि दोष लोकरीच्या दर्जाला दिला जातो. ईझी किंवा जेंटीलसारखं लोकरी-रेशमी कपड्यांचं लिक्विड घ्या. सॉफ्टनर घालू नका, तो तंतूवर थर धरतो. क्लोरीन ब्लीच तर कधीच नको, त्यात लोकर अक्षरशः विरघळते.

रसायनी
रिठ्याचं सासूबाईंचं बरोबर आहे, पण दोन गोष्टी सांभाळा. रिठ्याचा फेस सॅपोनिनचा. तो किंचित आम्ल असतो, म्हणून लोकरीला आणि रेशमाला मानवतो. ८ ते १० रिठे फोडून बिया काढा, १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून दोनदा गाळा. ५ लिटर पाण्याला अर्धा लिटर काढा पुरतो. पहिली अडचण ही की पांढर्‍या आणि क्रीम रंगावर पिवळट-तपकिरी झाक बसते. दुसरी ही की घामाचा तेलकटपणा लिक्विडइतका निघत नाही. ट्रेकहून आलेल्या, आठ दिवस अंगावर असलेल्या कपड्याला लिक्विड वापरा. नुसता कपाटातून काढलेला स्वेटर रिठ्यात धुवा. काढा उरला तर फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर आपल्या हवेत दुसर्‍या दिवशी आंबतो. आणि डोळे सांभाळा, फार झोंबतो.

गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घातलं की लोकर आटते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. मुख्य गुन्हेगार घुसळणं. उष्णता आणि अल्कली त्याला साथ देतात. पाणी चार-पाच अंश इकडेतिकडे झालं आणि कपडा हलवला नाही, तर काही बिघडत नाही. त्यामुळे थर्मामीटर घेऊन बसू नका, हात आवरा.

पाण्यावरही बरंच अवलंबून आहे. पालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, त्यामुळे मऊ. साबण सहज निघतो. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर ते बहुधा जड असतं, साबणाचा अंश मागे राहतो आणि कपडा खरखरीत लागतो. तेव्हा शेवटच्या ५ लिटर पाण्यात २ चमचे पांढरं व्हिनेगर घाला. चुकून पावडरीत धुतला गेलेल्या कपड्यालाही हाच उपाय. वास वाळताना उडून जातो.

हळदीचा डाग पडला आणि साबण लागताच लालभडक झाला तर घाबरू नका. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, आम्लात परत पिवळं. लाल झाला याचा अर्थ एवढाच की तुमचा साबण लोकरीच्या कामाचा नाही. न्यूट्रल लिक्विडनं धुवा आणि नंतर फक्त डागाचा भाग तासभर उन्हाकडे करा, कर्क्युमिन उजेडानं फिकं पडतं. अख्खा कपडा उन्हात ठेवू नका, पांढरी लोकर उन्हानं पिवळी पडते.

चौथा_मजला
कुबट वासाचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे: 'हाताला कोरडा लागला'. लोकर इथेच फसवते. स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास तिसर्‍या हिश्शाइतकी वाफ ती तंतूच्या आत धरून ठेवते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ट्रेकवर हाच तिचा गुण. परळच्या बंद कपाटात हाच दुर्गुण. सुती टी-शर्टच्या हिशेबानं मेरिनोचा कोरडेपणा ठरवू नका.

हाताऐवजी स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. धुण्याआधी कपडा एक रात्र मोकळ्या हवेत टांगा आणि सकाळी वजन करून कागदावर लिहा. समजा १६५ ग्रॅम भरला. स्पिननंतर तोच बराच जड भरेल. वाळताना परत १६५ ते १७० वर आला की वाळला. १८५ वर घडी केलीत तर ते जास्तीचे २० ग्रॅम म्हणजे चार चमचे पाणी तुम्ही कपाटात भरलंत. हाताला मात्र १८५ ला सुद्धा कोरडाच लागेल.

यात एक खोच आहे. हवेची आर्द्रता ६५ टक्के असताना लोकर कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते. ९० टक्क्यांना हेच २० च्या वर जातं. म्हणजे जुलैतला 'वाळलेला' कपडा फेब्रुवारीतल्यापेक्षा जड असतोच आणि कितीही दिवस पंख्याखाली ठेवला तरी त्या खाली उतरणार नाही. म्हणून धुण्याआधीचं वजन त्याच आठवड्यातलं हवं. आणि म्हणूनच सहा महिने ठेवायचे कपडे भर पावसात धुऊच नयेत. मेच्या मध्यापर्यंत उरकून टाका. ट्रेक जूनचा असेल तर इलाज नाही, मग एसीची खोली. ड्राय मोडवर २६ अंश, खिडक्या बंद, कपडा स्टँडवर, रात्रभर. सकाळी त्याच खोलीत घडी करून तिथेच डब्यात भरा. बाहेर आणून अर्धा तास ठेवलात की पुन्हा ओढायला लागेल.

वाळत घालण्याची जागा: स्वेटर सपाटच. पण पलंगावर प्लॅस्टिक टाकून त्यावर नको, खालची बाजू दिवसभर ओली राहते. घडीच्या स्टँडवर जुनी मच्छरदाणी दुहेरी करून ताणून बांधा आणि स्वेटर त्यावर पसरा. बाह्या अंगापासून लांब ठेवा, काखेत घडी पडली की तिथेच कोंदट होतं. छताच्या पंख्याबरोबर बाजूनं टेबल फॅन लावा आणि तीन-चार तासांनी कपडा उलटा. बेस लेयर हलके असतात, ते छताच्या कप्पीच्या स्टँडवर शेजारच्या दोन दांड्यांवर आडवे टाकता येतात, म्हणजे वजन वाटलं जातं. खांद्याला चिमटे लावू नका, टोकं येतात आणि जात नाहीत. खिडकीच्या ग्रिलवर तर नकोच: गंजाचे डाग, पावसाची झड आणि कबुतरं.

एकदा वास बसला की अत्तर-कापूर नको. परत धुवा, शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला, आणि वजन बघून वाळवा. ओल्या लोकरीला मेंढीसारखा वास येणं मात्र स्वाभाविक आहे. वाळल्यावर गेला नाही तरच चिंता.

परळकर
वजनकाट्याचं डोक्यात आलं नव्हतं. भोकांबद्दल: तिन्ही बेंबीच्या खाली, पट्ट्याच्या बकलाच्या आसपास, एक-दीड मिलिमीटरची. मात्र कपाटामागच्या भिंतीवर त्या करड्या चपट्या पिशव्या चालताना दिसतात, भोपळ्याच्या बीसारख्या. त्यांचा काही संबंध?

कसरपुराण
कसरीचा संबंध भोकांशी नाही, पिशव्यांशी आहे.

बकलापाशी, नेमकी पोटावर, टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं ही घासण्याची. कपड्याच्या एका बाजूला पट्ट्याचं बकल किंवा जीन्सचं बटण, दुसर्‍या बाजूला सॅकचा कमरपट्टा किंवा ओट्याची कड. १५० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला १५० ग्रॅम कापड, त्यात एक टाका तुटला की शेजारचे सुटतात. किडीचं भोक वेगळं दिसतं: कडा वेडीवाकडी, भोवतीचं कापड खरवडल्यासारखं पातळ झालेलं, आणि जागा कुठलीही, बहुतेकदा घडीच्या आत किंवा जिथे घामाचा, अन्नाचा डाग राहिलाय तिथे. उजेडासमोर धरून बघा.

त्या करड्या पिशव्या म्हणजे फेरिओएका नावाच्या पतंगाच्या अळ्या. मुंबईतल्या दमट भिंतींवर त्या ठरलेल्या. पिशवी सेंटिमीटरभर, दोन्ही टोकांना उघडी, अळी कुठूनही डोकं काढते. भिंतीवर त्या कोळ्याची जाळी, केस, मेलेले किडे खातात. लोकर समोर आली तर ती सोडत नाहीत. दुसरा प्रकार कपड्यांचा खरा पतंग, ६ ते ८ मिलिमीटरचा, फिक्या सोनेरी रंगाचा. तो दिव्याकडे येत नाही, अंधारात सरपटतो. उडणारा पतंग काहीच खात नाही. खाते ती अळी. थंड देशांत तिला हिवाळा आडवा येतो, आपल्याकडे बारा महिने वाढते.

तेव्हा आधी भिंत. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागची जळमटं व्हॅक्यूमनं काढा, कोपरे आणि खणांच्या खाचाही. जाळी आणि केस नाहीत तर पिशव्या टिकत नाहीत. भिंतीला ओल असेल तर ती बंद होईपर्यंत लोकर दुसर्‍या खोलीत ठेवा.

मग कपडे. न धुता कधीही ठेवायचे नाहीत. घामाची लोकर किडीला ताटात वाढून दिल्यासारखी. आत अंडी असल्याचा संशय असेल तर वाळलेला कपडा झिपच्या पिशवीत हवा दाबून बंद करा आणि दोन दारांच्या फ्रिजच्या वेगळ्या फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना, दोन आठवडे ठेवा. एकाच दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा बहुधा एवढा गार होत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. थंड कपड्यावर आपल्या हवेतलं पाणी क्षणात धरतं. चार-पाच तास बंदच राहू द्या.

डांबराच्या गोळ्या रोज उघडणार्‍या कपाटात नुसता वास देतात. त्यांची वाफ घट्ट बंद डब्यात साठली तरच कीड मरते, आणि त्या डब्यातून काढलेला बेस लेयर अंगाला लावायचा असतो हे विसरू नका. घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाला जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल तर गोळ्या घरातच नकोत, त्यानं तांबड्या पेशी फुटतात. लवंग, कडुनिंबाचा पाला, कापूर यांनी पतंग थोडे लांब राहतील, अळी मरणार नाही. त्यापेक्षा रबरी कडेचा, झाकण घट्ट बसणारा डबा चांगला. आत ५०-१०० ग्रॅम सिलिका जेल, रंग बदलणारं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास तापवून परत वापरा. कपाटात टांगायच्या पाणी धरणार्‍या पिशव्या मात्र लोकरीच्या डब्यात नकोत, त्यातलं साठलेलं खारं पाणी सांडलं की कपडा चिकट होतो. आणि दर महिन्याला डबा उघडून घड्या बदला, म्हणजे कीड शिरली तर कपडा चाळणी व्हायच्या आत कळेल.

सुईदोरा
भोकं धुण्याआधी बंद करा, धुताना ती मोठी होतात. १५० च्या कापडाला लोकरीचा दोरा जाड पडतो. बाजूच्या शिवणीच्या आतला उरलेला धागा किंवा पॉलिएस्टर शिलाईचा एकपदरी दोरा घ्या. सुई बारीक, गोल टोकाची. भोकाच्या कडेचे सगळे सुटे टाके आधी सुईवर पकडा, मग आडवे-उभे भरा. ओढून घट्ट केलंत तर चुणी पडते आणि पुढचं भोक तिच्या शेजारीच होतं. रफूवाल्याकडे द्यायचं तर जाळीचं रफू सांगा. वरून ठिगळ लावू नका, लोकर ताणते आणि ठिगळ ताणत नाही.

कोपरांवर आणि सॅकच्या पट्ट्याखाली गोळे धरतात ते हातानं उपटू नका, सोबत चांगला तंतूही येतो. कपडा सपाट ताणून गोळे काढायचं बॅटरीचं यंत्र हलक्या हातानं फिरवा.

इस्त्री करायची तर लोकरीच्या खुणेवर, वर ओलं सुती फडकं ठेवून, दाबून उचलायची, ओढत न्यायची नाही. कोपर्‍यावरच्या इस्त्रीवाल्याला देऊ नका. कोळशाची इस्त्री किती तापलीय हे कळायला वाव नसतो आणि एकदा लोकरीवर चकाकी आली की ती जात नाही.

परळकर
आणि स्वेटर आधीच थोडा आटलाय, बाही मनगटाच्या दोन बोटं वर. काही होईल?

सुईदोरा
बाहीवर वीण अजून वेगवेगळी दिसते का ते बघा. टाके मोजता येत असतील तर नुसती वीण आखडलेली आहे, ती सुटते. केसांचा कंडिशनर २ मोठे चमचे, ५ लिटर कोमट पाणी, अर्धा तास. टॉवेलमध्ये दाबून घ्या, मच्छरदाणीवर पसरा, दोन्ही हातांनी बोटाबोटानं लांबवत न्या आणि कडेला न गंजणार्‍या टाचण्या लावा. अर्धवट वाळल्यावर पुन्हा एकदा ओढा. टाके दिसतच नसतील आणि बाही पुठ्ठ्यासारखी लागत असेल तर तो नमदा झाला, तो परत उलगडत नाही. कापून हातमोजे शिवा, कडा उसवत नाहीत.